दुखणं दोन आठवड्यांत जातं, हाड जुळायला चार महिने लागतात
सायकलवरून पडून कॉलरबोन मोडलं तर सीझनचं काय? ऑपरेशन, विश्रांती आणि पुन्हा रस्त्यावर येण्याचं वेळापत्रक

जोयडा : रामनगरहून अनमोडकडे, गणेशगुडीहून जोयड्याकडे, किंवा कुंभारवाड्यावरून अणशी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रविवारी सकाळी हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसणं आता कुणाला नवं वाटत नाही. कुणी बेळगाव-खानापुरातून येतं, कुणी धारवाड-हुबळीतून, कुणी गोव्याहून घाट चढून. आठवडाभर बँक, शाळा, दुकान किंवा शेत सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकल काढायची, असा हा हौशी स्वार. पाऊस ओसरला की त्याचा सीझन सुरू होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतो.

या सीझनला एका क्षणात खीळ घालणारी दुखापत कुठली, असं कुठल्याही सायकल क्लबात विचारलं, तर उत्तर बहुतेक एकच मिळतं. कॉलरबोन. गळ्याच्या खालून खांद्याकडे जाणारं, हाताने चाचपता येणारं ते बारीक हाड. उतारावर बांबूच्या ओल्या पानांवरून चाक घसरतं, वळणावर खडी येते, अचानक गुरं आडवी येतात. स्वार खांद्यावर आपटतो आणि ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येतो.

त्यानंतर दोन टोकाचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, “झालं, यंदाचा सीझन गेला.” दुसरा म्हणतो, “प्लेट घालून घे, पंधरा दिवसांत सायकलवर बसशील.” दोन्ही अर्धवट आहेत. खरं काय ते समजून घ्यायचं तर आधी हाडाचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

एका सैनिकाची हुकलेली शर्यत

भारतीय लष्करातील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जगातल्या सर्वांत अवघड सायकल शर्यतींपैकी एक. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि एकट्याने धावणाऱ्या स्वाराला साधारण १२ दिवसांची मर्यादा. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या हौशी स्वारांचं ते मोठं स्वप्न बनलं.

पन्नू २०१९ मध्ये याच शर्यतीसाठी अमेरिकेत गेले. शर्यत काही दिवसांवर आली असताना सरावात ते पडले आणि कॉलरबोन मोडलं. अनेक महिन्यांची तयारी, रजा, खर्च, सोबत आलेली माणसं, सगळं असूनही सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता आलं नाही.

पुढचं वर्ष कोरोनाचं. प्रत्यक्ष शर्यत रद्द झाली आणि तिच्या जागी घरातल्या घरात, ट्रेनरवर धावायची आभासी शर्यत झाली. पन्नू यांनी १२ दिवसांत सुमारे ४,००० किलोमीटर अंतर कापत त्यात तिसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लेह ते मनाली हे ४७२ किलोमीटरचं अंतर ३५ तास ३२ मिनिटांत पार केलं. लगेच १६ ऑक्टोबरला दिल्लीहून निघून सुवर्ण चतुष्कोनाचे ५,९४२ किलोमीटर १५ दिवसांच्या आत संपवले. दोन्हीची गिनीज बुकात नोंद झाली. मुंबई ते चेन्नईच्या टप्प्यावर हा चतुष्कोन कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड असा आपल्याच भागातून जातो.

पडणं आणि हा विक्रम यांच्यामध्ये सुमारे सोळा महिने आहेत. बातमीत विक्रम दिसतो, हे सोळा महिने दिसत नाहीत. हौशी स्वाराने शिकायचं ते त्या मधल्या काळातूनच.

हेच हाड का मोडतं?

कॉलरबोन हा हात आणि धड यांना जोडणारा एकमेव हाडाचा दुवा. बाकी सगळं स्नायूंनी तोललेलं. सायकलस्वार पडतो तेव्हा त्याचे हात हँडलवर असतात आणि सावरायला वेळ मिळत नाही. खांदा थेट रस्त्यावर आदळतो, आणि तो सगळा दाब या इंग्रजी ‘एस’सारख्या वळणाच्या हाडातून छातीकडे जातो. हाडाचा मधला भाग सर्वांत बारीक, त्यावर स्नायूंचं आवरणही कमी. त्यामुळे मोडणाऱ्या कॉलरबोनपैकी सुमारे ७० ते ८० टक्के मध्यभागीच मोडतात.

मोडल्यावर मानेकडचा तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो आणि हाताच्या वजनाने खांद्याकडचा तुकडा खाली जातो. म्हणूनच त्वचेखाली तंबूचा खांब असावा तसा उंचवटा दिसतो आणि खांदा पुढे झुकलेला वाटतो.

पडल्यानंतरचा पहिला तास

जोयडा तालुक्यात पडणं आणि शहरात पडणं यात फरक आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या कितीतरी पट्ट्यांत मोबाईलला रेंज नसते. मोठी रुग्णालयं बेळगाव, हुबळी, कारवार किंवा गोव्यात. त्यामुळे इथे एकट्याने निघणाऱ्याने कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघणं ही पहिली सुरक्षा.

पडलेल्या माणसाचा खांदा सर्वांत आधी दिसतो, तरी तो सर्वांत शेवटी बघायचा. आधी डोकं : बेशुद्ध पडला होता का, उलटी होतेय का, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय का? मग श्वास : धाप लागत असेल किंवा श्वास घेताना छातीत कळ येत असेल, तर बरगडी मोडून फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. मग मान आणि पाठ. त्यानंतर हाताची बोटं : बधीर झाली आहेत का, गार पडली आहेत का, हलतात का? शेवटी त्वचा : हाड बाहेर आलंय का, किंवा त्वचा ताणून पांढरी पडली आहे का? यातलं एकही लक्षण असेल तर वाट न बघता मोठं रुग्णालय गाठायचं.

तसं काही नसेल तर हात कोपरात वाकवून पोटाशी धरायचा आणि टॉवेल, ओढणी किंवा जर्सीची झोळी करून गळ्यात बांधायचा. हाड सरळ करायचा प्रयत्न रस्त्यावर कुणीही करू नये. लगेच ऑपरेशन लागण्याची शक्यता असेल तर पोटभर खायला घालायचीही घाई नको.

कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र, तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेचा नंबर १०८ आहे. पण अनमोडच्या टोकाला फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागू शकतो. म्हणून बोलताना आधी राज्य, मग तालुका, मग जवळचं गाव किंवा मैलाचा दगड सांगावा. आणि मदतीला थांबणाऱ्याने पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-ए आणलं, त्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

झोळी की प्लेट?

एक्स-रे झाला की मोठा प्रश्न येतो. हात गळ्यात बांधून हाड आपोआप जुळू द्यायचं, की ऑपरेशन करून प्लेट बसवायची?

पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं : कॉलरबोन जुळतंच, काही करायला नको. १९६० च्या सुमाराच्या वैद्यकीय नोंदींत न जुळणाऱ्या हाडांचं प्रमाण हजारात एखादं, इतकं कमी दाखवलेलं होतं. नंतर मोठ्या माणसांतल्या, पूर्ण सरकलेल्या हाडांचा वेगळा अभ्यास झाला आणि चित्र बदललं. २००७ मध्ये कॅनडातल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी १३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना झोळी, काहींना प्लेट. वर्षभर ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांत झोळीच्या गटात ४९ पैकी ७ जणांचं हाड जुळलंच नाही, प्लेटच्या गटात ६२ पैकी २ जणांचं. हाड जुळायला लागलेला सरासरी वेळ झोळीत २८.४ आठवडे, प्लेटमध्ये १६.४ आठवडे.

हे आकडे नीट वाचायला हवेत. पहिली गोष्ट, झोळीतही बहुतेकांचं हाड जुळलं. म्हणजे प्रत्येक मोडलेल्या कॉलरबोनला ऑपरेशन लागत नाही. तुकडे एकमेकांजवळ असतील तर झोळी पुरते. तुकडे पूर्ण सरकले असतील, हाड दोनेक सेंटिमीटरने आखूड झालं असेल, मध्ये चुरा झाला असेल, त्वचा फाटली किंवा फाटायच्या बेतात असेल, नस किंवा रक्तवाहिनीला धोका असेल, तेव्हा डॉक्टर ऑपरेशनकडे वळतात. ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्ग, प्लेट त्वचेखाली टोचणं, पुढे ती काढायला दुसरं ऑपरेशन, असे धोकेही आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्लेट घालूनही एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसायला सरासरी सोळा आठवडे लागले. जवळजवळ चार महिने. प्लेट हाडाला जागेवर धरून ठेवते, जुळवायचं काम हाडालाच करावं लागतं.

आपल्या भागात तिसरा पर्यायही असतो : हाडवैद्य. लेप, पट्टी, कामट्या बांधणं ही जुनी विद्या आहे आणि तिच्यावर लोकांचा विश्वास आहे. साधा मुरगळा किंवा न सरकलेलं हाड असेल तर तेही आपल्या वेळेने बरं होतंच. धोका असतो तो एक्स-रे न काढता मालीश करण्यात. कॉलरबोनच्या अगदी मागून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो, खाली फुप्फुसाचं टोक असतं. सरकलेल्या धारदार तुकड्यावर तेल लावून दाब देणं म्हणजे त्या सगळ्याशी खेळ. कुठेही जायचं असलं तरी आधी एक एक्स-रे, एवढा नियम पाळला तरी मोठं नुकसान टळतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

बहुधा पूर्ण भूल दिली जाते. हाडाच्या रेषेत चीर घेऊन तुकडे जागेवर आणले जातात, वरून हाडाच्या वळणाला बसणारी टायटॅनियम किंवा स्टीलची प्लेट ठेवून दोन्ही बाजूंना स्क्रू घट्ट करतात. साधी केस असेल तर तास-दोन तासांचं काम, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावर दोन गोष्टींनी माणूस घाबरतो. एक, चिरेच्या खाली छातीवर हात फिरवला तर बधीर लागतं. त्वचेला जाणारे बारीक तंतू चिरेत दुखावतात म्हणून असं होतं. ते बऱ्याचदा कमी होत जातं, थोडं कायमही राहू शकतं, पण हाताच्या ताकदीवर त्याचा परिणाम नसतो. दुसरं, त्वचेखाली प्लेट हाताला लागते. बारीक अंगाच्या सायकलस्वाराला ती जास्तच जाणवते, आणि पाठीवरच्या पिशवीचा पट्टा नेमका तिथेच घासतो. ज्यांना फार त्रास होतो त्यांची प्लेट पुढे काढता येते, पण हाड पूर्ण भक्कम झाल्यावरच, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाने. काढल्यावर स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत हाड पुन्हा काही काळ कच्चं असतं, हे लक्षात ठेवावं लागतं.

ताप, चिरेतून पू किंवा पाणी, वाढत जाणारी लाली, पुन्हा सुरू झालेली तीव्र कळ : यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

हाडाचं कॅलेंडर

मोडलेल्या जागी पहिल्या काही दिवसांत रक्त साकळतं, सूज येते. ती सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. सहा ते बारा आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. त्यानंतर कित्येक महिने हाड स्वतःला पुन्हा घडवत राहतं. भक्कम प्लेटखाली हाच प्रवास थोड्या वेगळ्या वाटेने होतो, पण घाई त्यालाही चालत नाही.

ऑपरेशननंतरचं वेळापत्रक प्रत्येक डॉक्टरचं थोडं वेगळं असतं. साधारण चौकट अशी.

पहिले दोन आठवडे : हात झोळीत. बोटं, मनगट, कोपर मात्र रोज हलवायचं. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता ठेवायचा व्यायाम बहुधा याच काळात सुरू होतो. टाके निघतात.

दोन ते सहा आठवडे : झोळी सुटते, हात हळूहळू वर जायला लागतो. वजन उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, गॅसचा सिलिंडर नाही, डोक्यावर भारा नाही. दुचाकीही नाही, कारण खड्ड्यात गाडी सावरताना जो हिसका बसतो तो थेट प्लेटवर येतो.

सहा आठवड्यांनी : एक्स-रे. जुळण्याची चिन्हं दिसली तर ताकदीचे हलके व्यायाम.

बारा आठवड्यांनी : पुन्हा एक्स-रे. सगळं ठीक असेल तर पडण्याचा धोका असलेल्या गोष्टींना, म्हणजे गटात वेगाने सायकल चालवणं आणि शर्यत यांना परवानगी मिळू शकते.

गंमत अशी, की दुखणं मात्र या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. प्लेट बसली की तुकडे एकमेकांवर घासत नाहीत, आणि दहा-पंधरा दिवसांत दुखणं जवळजवळ जातं. माणसाला वाटतं, बरा झालो. दुखणं गेल्याचा दिवस आणि हाड जुळल्याचा दिवस यांच्यामध्ये तीन महिन्यांची दरी आहे, आणि हौशी स्वार नेमका त्या दरीत पडतो. दुसऱ्या आठवड्यात पोरांना उचलतो, चौथ्या आठवड्यात “जरा गावात जाऊन येतो” म्हणत स्कूटर काढतो, पाचव्या आठवड्यात सायकल. पुन्हा पडला तर नुसतं हाड मोडत नाही, प्लेट वाकते, स्क्रू उपटतात, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होतं.

हाड जुळायला आड येणारी एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे : तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात आणि न जुळण्याचं प्रमाणही जास्त असतं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तेव्हा गुटखा किंवा मळलेली तंबाखूही निर्धोक नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. जेवणात डाळी, अंडी, मासे, दूध, नाचणी असावी. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने लांबवू नयेत.

पाय शाबूत आहेत, त्यांचं काय?

खांदा मोडला तरी पाय, हृदय आणि फुप्फुसं धडधाकट असतात. ती बसवून ठेवली तर किती घसरतात, याचे जुने पुरावे आहेत. अमेरिकेत डॅलसमध्ये १९६६ साली पाच तरुण विद्यार्थ्यांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वाढत्या वयानेही तितकं नुकसान केलेलं नव्हतं. अंथरुण न धरता फक्त सराव थांबवला तर घसरण सौम्य असते : १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात कसलेल्या खेळाडूंची हीच क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांपर्यंत सुमारे १६ टक्के उतरली.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की घरात ट्रेनरवर बसणं हा मधला मार्ग. ट्रेनर म्हणजे मागचं चाक अडकवून सायकल एका जागी चालवायचं स्टँड. पडायची भीती नाही. तरी काही पथ्यं आहेत. चीर पूर्ण भरेपर्यंत घाम जखमेत जाऊ द्यायचा नाही, म्हणून पंखा आणि कमी वेळ. हात हँडलवर टेकवून अंगाचा भार द्यायचा नाही, सुरुवातीला ताठ बसूनच पायडल मारायचे. उठून उभं राहून जोर लावायचा नाही, कारण तेव्हा हात हँडल ओढतात. चढता-उतरताना घरातलं कुणीतरी जवळ हवं. ट्रेनर नसेल तर गणेशगुडीचा किंवा आपल्या गावचा चढ पायी चढणंही हृदयाला तेवढंच चांगलं.

पन्नू यांची आभासी शर्यत इथे पुन्हा आठवावी. खोलीत बसून बारा दिवस सायकल चालवणारा माणूस वर्षभरापूर्वी हाड मोडून घरी परतला होता.

मोठ्यांचं बघून आपलं ठरवू नये

व्यावसायिकांच्या बातम्या वाचून हौशी स्वारांची घाई वाढते. २०२४ चं उदाहरण ताजं आहे. ४ एप्रिलला स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर मोठा अपघात झाला. डेन्मार्कच्या जोनास विंगेगार्डचं कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, तो बारा दिवस रुग्णालयात होता. बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलचंही कॉलरबोन मोडलं. दोघांवर शस्त्रक्रिया झाल्या. २९ जूनला टूर द फ्रान्स सुरू झाली आणि तिच्या अखेरीस विंगेगार्ड दुसरा, एव्हनपूल तिसरा आला. एव्हनपूलने पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली.

अशक्य वाटावं असं. पण तारखा मोजल्या तर ४ एप्रिल ते २९ जून म्हणजे ८६ दिवस, बारा आठवडे आणि दोन दिवस. एव्हनपूल २ जूनला एका छोट्या शर्यतीत उतरला होता, तोही आठ आठवडे उलटल्यावर. विंगेगार्डने टूरपूर्वी एकही शर्यत धावली नाही. संघाचे डॉक्टर, हवी तेव्हा तपासणी, मालीशवाला, स्वयंपाकी हे सगळं असूनही. हौशी स्वाराकडे यातलं काहीच नसतं, सोमवारी कामावरही जायचं असतं. त्याला एकच सवलत आहे : त्याच्या परतीची कुणी प्रायोजक वाट बघत नाही. ती त्याने पुरेपूर वापरावी.

मग सीझन जातो का?

लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगचं कॅलेंडर याबाबत उदार आहे. ‘बीआरएम’ किंवा ब्रेव्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राइड्स शर्यती नसतात, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं असतं : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास. चारही अंतरं एकाच सीझनमध्ये पूर्ण केली की ‘सुपर रँडोनिअर’ हा मान मिळतो. हा सीझन १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो.

समजा, एखादा स्वार १५ डिसेंबरला पडला आणि लगेच ऑपरेशन झालं. बारा आठवडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होतात. एक्स-रे चांगला असेल तर तिथून रस्त्यावरचा सराव. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये पहाटे सुटणारी २०० जमू शकते. मे महिन्यातला उन्हाळा आणि त्यानंतर आपल्याकडचा पाऊस हा खांद्याची ताकद पुरती परत आणायचा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ३००, ४००, आणि अंगात असेल तर ६००. घाई न करताही सीझन हातात राहतो. पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे ९० तासांत १,२०० किलोमीटरची चार वर्षांनी येणारी राइड, २०२७ मध्ये आहे. तिच्यासाठी त्या वर्षीच्या पात्रता राइड्स लागतात, आणि त्यात एखादी हुकली तर वर्षात दुसरी तारीख असते.

डेक्कन क्लिफहँगरसारखी पुणे ते गोवा शर्यत मात्र वर्षातून एकदाच येते. ती हुकली तर हुकली. पुढच्या वर्षी घाट तिथेच असतो.

रस्त्यावर परत

परवानगीची तारीख आली तरी घरच्या घरी काही गोष्टी तपासाव्यात. दोन्ही हात डोक्यावर सारखे वर जातात का? भिंतीला टेकून दंड मारताना दुखतं का? दोन्ही ब्रेक पूर्ण जोराने दाबता येतात का? मान वळवून मागची गाडी बघता येते का? एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने बाटली काढता येते का? यातलं काही जमत नसेल तर अजून थोडं थांबायचं.

पडलेल्या सायकलचीही तपासणी हवी. हँडल, पुढचा फोर्क आणि कार्बनची फ्रेम यांत बाहेरून न दिसणारी भेग असू शकते. अपघातात आपटलेलं हेल्मेट चांगलं दिसत असलं तरी बदलायचं. आतला थर एकदाच मार झेलण्यासाठी बनवलेला असतो.

आणि भीती. जिथे पडलो त्या उतारावर बोटं आपोआप ब्रेकवर जातात, खांदे ताठ होतात. ताठ झालेला स्वार वळणावर जास्त धोक्यात असतो. पहिले काही आठवडे सपाट रस्ता, ओळखीची वाट, सोबत एक-दोघंच. मग चढ. उतार सर्वांत शेवटी, कोरड्या रस्त्यावर. अनमोड किंवा अणशीच्या वळणांना आपण घाबरतो हे गटात उघड सांगण्यात कमीपणा नाही. गटाने तेवढा वेग कमी करायला हवा.

खर्च आणि कागद

सीमाभागातल्या माणसाला हाडाइतकाच हा प्रश्न सतावतो. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि आयुष्मान भारत कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालू शकतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. गोव्यात परराज्यातल्या रुग्णांसाठी शुल्काचे नियम वेगळे आहेत. कुठली योजना कुठल्या ऑपरेशनला लागू आहे, हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या योजना कक्षात विचारून घ्यावं, नंतर सहसा काही होत नाही. रेशन कार्ड, आधार आणि रहिवासी दाखला यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवले तर वेळ वाचतो. वैयक्तिक विमा असेल तर त्यात शर्यतीतल्या अपघाताला सूट आहे की वगळलंय, हे सीझनआधीच वाचायचं.

एक्स-रेच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं. ऑपरेशन एका राज्यात आणि पुढची तपासणी दुसऱ्या राज्यात, असं आपल्याकडे नेहमी होतं. पुढच्या डॉक्टरला पहिला फोटो दिसला तरच हाड किती पुढे गेलंय ते कळतं.

आणि सहाव्या आठवड्याचा एक्स-रे, दुखत नसलं तरी, चुकवू नये. दुखत नाही म्हणून चुकवलेली ती एक फेरी पुढे दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत नेऊ शकते.